कानानं मीठ पाहणाऱ्या वन्संना

वन्सं, आज तुमच्यामागं पहिल्यांदा खानावळीची चूल मी पेटवली आणि पहिल्याच दिवशी भात करपवला. तळाशी चांगला काळा थर धरला. तुम्ही असतात तर भांड्याचा आवाज बदलल्याबरोबर सांगितलं असतंत, गोदे, निखारे ओढ. मला तो आवाज ऐकू येतो कुठे? मी नाकानं स्वयंपाक करणारी बाई. नाकाला कळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

तुमचं तेरावं झालं. या दिवसांत आळीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या. पदर डोळ्याला लावून प्रत्येकीनं तेच सांगितलं, बिचारीनं जन्मभर मुकाट्यानं कष्ट केले हो. मी मान हलवत होते आणि आतून माझा संताप होत होता. मुकाट्यानं? तुम्ही? या घरात तुमच्याइतकं बोलणारं दुसरं माणूस नव्हतं. फक्त ते स्वयंपाकघराच्या कवाडाबाहेर जायचं नाही, एवढंच. जोगळेकर मास्तर, आपल्याकडं दोन्ही वेळा जेवणारे, सगळ्यांच्या शेवटी उठले. माझ्याकडं बघून म्हणाले, बोलायचं राहिलं असेल तर लिहून काढा, वहिनी. चार कोरे कागद ठेवून गेले. मी मराठी चौथी झालेली. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तुम्ही काढणार नाहीत, बाकी सगळ्या काढाल. म्हणून बसले लिहायला.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझ्या नवऱ्याची थोरली बहीण म्हणून तुम्हाला वाकून नमस्कार केला. तुम्ही लाल आलवण नेसलेल्या, डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हाताला राख. आशीर्वाद दिलात तो बाजूला ठेवून लगेच विचारलंत, कुळथाचं पिठलं येतं का गो? मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, बघू. त्या बघूवर आपला सगळा संसार गेला. पुढं ह्यांची कोर्टातली उमेदवारी सुटली आणि घरात बसून काय करायचं हा प्रश्न पडला, तेव्हा खानावळ काढायचं तुमच्याच डोक्यातून निघालं. कोर्टात तारखेला पालीपासून जयगडपर्यंतची माणसं येतात, शाळेत परगावचे मास्तर आहेत, कचेरीत एकटे राहणारे कारकून आहेत. यांना दुपारी गरम भात कोण घालतं, असं तुम्ही तुमच्या भावाला विचारलंत. ओटीवर पाट मांडले, मागच्या केळी होत्याच पानांना, आणि झाली सुरू आक्कांची खानावळ. आमटी, भात, एक भाजी, लोणचं, ताक. सणावाराला खीर.

आक्कांची खानावळ म्हणायचे सगळे, पण आक्का कोणी पाहिल्या नव्हत्या. तुम्ही सोवळ्यात, त्यातून विधवा, तेव्हा पुरुषांच्या पंगतीसमोर येण्याचा प्रश्नच नव्हता. कवाड अर्धं लोटलेलं. भांडं तुम्ही उंबऱ्याशी ठेवायचं, ह्यांनी नाहीतर मी उचलायचं आणि वाढायचं. तुम्ही आत चुलीपाशी पाटावर, कवाडाकडं कान करून.

ते कान. लोकांना मी सांगते तर खरं वाटत नाही. नैवेद्याआधी अन्नाला जीभ लावायची नाही हा तुमचा नेम, आणि नैवेद्य झाला की लगेच पंगत बसायची. म्हणजे एवढ्या माणसांचं रांधणाऱ्या बाईला आपल्या हातची चव कळायची ती सगळे हात धुऊन गेल्यावर, उन्हं परतताना. मग मीठ बरोबर पडलंय की नाही हे कळायचं कसं? तुम्ही ते ऐकायचात. पहिला घास गेला आणि ओटीवरची बडबड थांबली की तुम्ही चुलीतलं लाकूड मागं ओढायचात, जमलं म्हणून. बडबड तशीच चालू राहिली आणि कोणी लोणच्याची फोड मागितली, की मीठ कमी. ताक लवकर मागितलं आणि तांबे वाजायला लागले, की जास्त. मग तुम्ही मला कवाडातून बोट दाखवायचात. एक बोट म्हणजे मीठ फिरव, दोन म्हणजे साधं वरण घेऊन जा. पंगतीला वाटायचं, काय ही खानावळ, मागायच्या आधी पानात येतं.

आणि मग दुपारचं आपलं जेवण. तुमचा पाट भिंतीशी, माझा दाराशी, मध्ये सोवळ्याचं अंतर. जेवताना बोलू नये असं तुम्हीच मला सांगितलेलं, आणि तुम्हीच सुरू व्हायचात. कधी न पाहिलेल्या माणसांच्या नकला करायचात. तो पालीचा दाव्यातला म्हातारा कसा घास तोंडात फिरवतो, मास्तर भात कालवताना कसे सुस्कारे टाकतात. मला ठसका लागायचा. मग वर तुम्हीच रागवायचात, अन्नावर हसू नये म्हणून.

तिथंच आपलं ते भांडण. मी म्हणायची, एक थेंब तळहातावर घेऊन बघितला तर देव काय उपाशी राहणार आहे? तुम्ही देवाचं नाव पुढं कराल असं मला वाटलं होतं. एकदाही केलं नाहीत. तुम्ही म्हणालात, "चाखून केलं की माझ्या जिभेचं होतं गो. जेवणारी जीभ त्यांची आहे." मी त्यावर काहीतरी बोलले असेन, मी कुठं गप्प बसणार.

मग तुम्हाला ताप आला. हिव भरून यायचं, चार गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. डॉक्टरांनी कोयनेल दिलं. त्या दिवसांत रांधायचं मी आणि तुम्ही माजघरातून ओरडायचं, इतकं की ह्यांनी एकदा मला विचारलं, नक्की आजारी कोण आहे? ताप उतरला. पुरतं बळ यायच्या आधीच तुम्ही ओलेत्यानं चुलीपाशी जाऊन बसलात. तोंड कडू आहे म्हणायचात. कोयनेलनं होतं तसं, मी म्हटलं, जाईल.

ते गेलं नाही. एक दिवस दुपारी मी आमटीचा पहिला घास घेतला, तर मिठाचा पत्ताच नाही. अळणी, पाण्यासारखी. तुम्ही समोर शांतपणे जेवत होतात. मी मिठाचं भांडं पुढं सरकवलं, तर म्हणालात, कशाला, आहे की. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलेलं, माझ्या जिभेला चुरचुरलं, आणि तुम्ही तीही तशीच शांतपणे खाल्लीत. मी काही मनात ठेवणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. पाटावरूनच विचारलं, वन्सं, तुम्हाला चव कळत नाही का? तुम्ही म्हणालात, पंगत गप्प होती ना? मग झालं. आणि पानात पाणी सोडून उठलात.

तिन्हीसांजेला विहिरीवर मी रहाट ओढत होते, तुम्ही कळशी धरून उभ्या. माझ्याकडं न बघता बोललात. "चव गेली, वासही गेला. कोणाला सांगू नकोस. चूल सुटली तर या घरात मी कोण गो?"

मी म्हटलं, आमच्या तुम्ही, दुसऱ्या कोण? तुम्ही हसलात. म्हणालात, तुमची म्हणजे पाहुणी. कळशी कमरेवर घेऊन निघूनही गेलात. मला तेव्हा कळलं की इतकी वर्षं या घरात तुम्ही भावाच्या आधारानं राहिला नव्हतात, स्वतःच्या हाताच्या बळावर राहिला होतात. तो हात चुकायला लागला तर भाऊ काही घालवून देणार नव्हता, देवमाणूस आहे तो. पण मग कोपऱ्यात माळ घेऊन बसायचं आणि कोणी पानात वाढेल ते खायचं, ही भीती तुम्हाला होती. तापाला नाही भ्यालात, त्याला भ्यालात.

मी कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, कान शाबूत आहेत तोवर चालेल. पंगत बोलली की मीठ सुधारता येईल. आणि नेमकी पंगतच बोलेना. आमटी अळणी असो की खारट, ओटीवर चिडीचूप. कोणी लोणचं मागत नाही, कोणी ताक मागत नाही, खाली माना घालून जेवायचे आणि उठायचे. तुम्ही आत खूश. अशी गप्प पंगत तर माझ्या चांगल्या दिवसांतही नव्हती, म्हणायचात. मी वाढताना त्यांची तोंडं बघत होते, ती काही खूश माणसांची नव्हती. आणि पाट कमी व्हायला लागले. रात्रीचं जेवण कोणाकोणाला नको झालं. हे म्हणाले, कोर्टाला सुट्टी आहे. मग म्हणाले, बोटी बंद झाल्या, माणसंच येत नाहीत गावात.

माणसं कुठं जात होती हे सगळ्या आळीला माहीत होतं. आपल्या परसाच्या दगडी गडग्यापलीकडं, मागच्या आळीत, धोंडूनं हॉटेल काढलं होतं. पालीच्या बाजूचा धोंडू, मुंबईला कुठल्याशा हॉटेलात राबून आलेला. टेबलं, खुर्च्या, कपबशा, काचेच्या बरण्यांत शेव नि चिवडा, आणि संध्याकाळी कढईत भजी. कोणाच्या शेजारी कोण बसलाय हे तिथं कोणी विचारत नव्हतं. गावात तेव्हा कोणी कोणाच्या पंगतीला बसावं यावर सभा व्हायच्या, आणि धोंडूच्या टेबलाशी तो प्रश्न एका चहात सुटायचा. मी तुम्हाला म्हटलं होतं, आपणही टेबलं आणू, काळ बदललाय. तुम्ही म्हणालात, खाली बसलेल्याला वाकून वाढावं लागतं, आणि वाढणाऱ्यानं वाकलेलं बरं. माझी कंबर धरते त्याचं काय, मी विचारलं. ते भांडणही तसंच राहिलंय. आता मला कोणी अडवणारं नाही, उद्या टेबलं आणू शकते. आणाविशी वाटत नाहीत.

एका संध्याकाळी मी वाळत घातलेली आमसुलं काढायला परसात आले, तर तुम्ही गडग्याला टेकून उभ्या. मला हातानं खुणावलंत, गप्प. पलीकडून तेलाचा चर्रकन आवाज येत होता, आणि माणसांचा. भजी गार आणलीस रे. चटणीत मिरची घालायला विसरलास की महाग झाली? चहा म्हणायचा की काढा? धोंडू उलट उत्तरं देत होता, सगळे हसत होते. मला नुसता गलका ऐकू येत होता. तुम्ही एकेका आवाजाला एक बोट दुमडत होतात. हा कारकून. हा कोर्टातला मोडी लिहिणारा. हे मास्तर. दुपारी आपल्या ओटीवर ज्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, ती सगळी माणसं तिथं भांडत होती.

मला वाटलं, तुम्ही त्यांना शिव्या द्याल. अळणी अन्न टाकून बाजारचं खातात म्हणाल. तुम्ही शेवटचं बोट दुमडलंत. मग म्हणालात, "तिथं हक्कानं मागतात, गोदे. माझ्याकडं सुतकात बसल्यासारखे गिळून उठतात."

आणि घरात येऊन थेट भावासमोर उभ्या राहिलात. विचारलंत, पंगतीला गप्प बसायला कोणी सांगितलं? मलाही तोवर माहीत नव्हतं, वन्सं. ह्यांनी आधी हो-ना केलं. मग हळूहळू बाहेर पडलं. तुम्ही तापातून उठलात तेव्हाच ह्यांनी एकेकाला ओटीखाली गाठून सांगितलं होतं की आक्का मरणाच्या दारातून आल्यात, हात थोडा चुकतोय, महिनाभर कोणी काही बोलू नका, मनाला लागेल. माणसं भली. अन्नाला नावं ठेवू नयेत असं लहानपणापासून शिकलेली. महिना झाला, दोन झाले, कोणीच पहिलं तोंड उघडेना. पोटभर जेवायला धोंडूकडं जाऊ लागली.

तुम्ही ओरडला नाहीत. ह्यांच्याशी तुम्ही इतकं हळू बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "जीभ तापानं नेली. कान होते, ते तू काढून घेतलेस रे बाळा." तुमचा तो बाळा, डोक्यावर पांढरे झालेला माणूस, तिथंच मटकन बसला. मायेनं केलं होतं हो त्यानं. ते तुम्हालाही कळत होतं. म्हणून तर तुम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवून आत गेलात. सोवळ्यात होतात, पुन्हा आंघोळ करावी लागली.

दुसऱ्या दिवशीची दुपार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पंगत बसलेली, माझ्या हातात आमटीचं भांडं, आणि मागं कवाड करकरलं. मला वाटलं वारा. वळून बघते तर तुम्ही उंबऱ्याच्या बाहेर. आलवण, कपाळापर्यंत पदर, हात पदराखाली. पुरुषांचे घास हातात राहिले. कोणी मान खाली घातली, कोणी पानाकडं बघत बसलं. आवाज तोच, मला ओरडायचा.

"मी आक्का. मला चव कळत नाही. तापानंतर गेली. तुम्ही बोललात तर मला कळणार, मीठ पडलं की नाही. तुम्हाला माझी दया करायची असेल तर उद्यापासून धोंडूकडं जेवा, तो बरा रांधतो. जेवायचं असेल तर बोला."

कोणी बोलेना. मला वाटलं, संपलं. जी गोष्ट तुम्ही विहिरीवर फक्त मला सांगितलीत आणि जिच्यासाठी तुम्ही इतके दिवस धास्तीत काढलेत, ती तुम्ही अख्ख्या ओटीला सांगून बसलात, आणि ओटी मुकी. तेवढ्यात मास्तरांनी घसा खाकरला. सगळ्या पंगतीत तो एक माणूस असा, की ज्याच्याकडून शाळेतली पोरंसुद्धा मार खात नाहीत.

"आक्का, आमटी अळणी आहे," मास्तर म्हणाले. "बरेच दिवस अळणीच असते. परवाची फणसाची भाजी खारट होती. खाववली नाही."

तुम्ही विचारलंत, आणि ताक? मास्तर म्हणाले, ताक चांगलं आहे. तुम्ही म्हणालात, ते गोदेनं केलंय. आणि आत गेलात.

मी मीठ घेऊन फिरले. फिरताना मला रडू येत होतं की हसू, माझं मलाच कळत नव्हतं. मीठ वाढता वाढता कारकून म्हणाला, भात जरा फडफडीत हवा होता. दुसरा म्हणाला, लोणच्याची फोड चिवट आहे. आतून तुमचा आवाज आला, एकेकानं बोला.

तेव्हापासून आपली खानावळ गावातली सगळ्यांत गोंगाटाची खानावळ झाली. काही माणसं सोडून गेली, हे खरंच. केस काढलेली बाई पानावर असताना समोर आली म्हणून दोघातिघांनी नाक मुरडलं, त्यांचे पाट मी स्वतः उचलून ठेवले. पण कोर्टात आलेली खेड्यातली माणसं एकमेकांना सांगून यायला लागली, तिथं जा, तिथं बोलता येतं. तुम्ही कवाडातून उत्तरं द्यायचात. अळणी म्हणणारा जयगडचा असला, की तुम्ही म्हणायचात, खाडीचं पाणी पिऊन आलेल्याला काय गोड लागणार? तो आणखी जोरात सांगायचा. मास्तरांना तर चटकच लागली. जेवण उत्तम झालं असलं तरी काहीतरी काढायचे, आज काय काढू म्हणून वाढताना मलाच विचारायचे. आणि तुम्ही! दुपारी पाटावर बसून एकेकाची तक्रार पुन्हा सांगायचात, एखादीला मुलगा झाल्यासारखं तोंड करून. तापाआधी तुम्हाला एवढं खूश मी पाहिलं नव्हतं. चव नाही, वास नाही, आणि तरी माझ्यापेक्षा चवीनं जेवायचात.

एक गोष्ट मला तुम्हाला कधी विचारता आली नाही. त्या दिवशी कवाडाबाहेर पाऊल टाकलंत तेव्हा, कोणीच बोललं नसतं तर? कोपऱ्यात जाऊन बसला असतात? मला वाटतं, बसला असतात. ते ठरवूनच बाहेर आला होतात. दयेवर चूल चालवण्यापेक्षा चूल सोडलेली बरी, असं. मला हे जमलं नसतं, वन्सं. मी कवाडाआडच राहिले असते.

या खेपेला पडलात त्या उठलाच नाहीत. श्वास पुरेना. माजघरात खाट टाकली. पेज दिली तर दोन घोट. शेवटच्या आठवड्यात एकदा दुपारी मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, गंगा मागतील, नाहीतर कोणाला काही द्यायचं सांगतील. तुम्ही म्हणालात, धोंडूकडची भजी आण. कांद्याची.

ज्या बाईनं जन्मभर बाहेरचं पाणी घेतलं नाही, घरात कांदा चिरू दिला नाही, तिनं मागावी धोंडूच्या हातची भजी. मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला चव लागायची नाही. तुम्ही म्हणालात, मला ऐकायचीयत. रोज संध्याकाळी गडग्यापलीकडनं तेलात पडताना ऐकते, तोंडात कशी वाजतात ते बघायचंय. मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता सोवळंओवळं काढतील, बहिणीचं परलोकाचं काढतील. हे खुंटीवरची टोपी घालून बाहेर पडले आणि पानात बांधून भजी घेऊन आले.

तुम्ही डोळे मिटून एक भजं चावलंत. आम्ही दोघं तुमच्या तोंडाकडं बघत. बराच वेळ चावत होतात. मग डोळे उघडून म्हणालात, "नरम आहे. वाजत नाही. तेल तापायच्या आधी सोडतो मेला. त्याला सांग."

हे म्हणाले, आणताना वाफ धरली असेल आक्का. तर तुमचं उत्तर तयार, गडगा ओलांडायला वाफ धरते होय रे? राहिलेली भजी मला खायला लावलीत. खरंच नरम होती. मग परत म्हणालात, सांग हो त्याला. त्यानंतर तुम्ही फार बोलला नाहीत.

आज दुपारी मास्तर म्हणाले, वहिनी, भात करपलाय. सगळ्यांदेखत म्हणाले. मला बरं वाटलं, तुम्हाला सांगते. पंगत उठल्यावर मी लुगडं बदललं. ह्यांनी विचारलं, कुठं? म्हटलं, वन्संचा निरोप आहे धोंडूला. गडग्यावरून ओरडून दिला असता तरी पोचला असता, पण तुमचा निरोप असा ओरडून द्यायचा नव्हता. रस्त्यानं गेले, आळीला वळसा घालून.

हॉटेलात पाऊल टाकलं आणि सगळी बडबड थांबली. बाईमाणूस कोण येतंय तिथं! आपलेच दोघे कारकून बशीत चहा ओतता ओतता थांबले. धोंडू हात पुसत पुढं आला. खुर्ची ओढून दिली. "बसा वयनी. आक्का गेल्या, लय वाईट झाला. माऊली होती," म्हणाला. आणि बिचारीनं मुकाट्यानं कष्ट काढले, हेही म्हणाला. मी म्हटलं, मुकाट्यानं काही नाही काढले. तुला निरोप ठेवलाय त्यांनी. तुझी भजी नरम असतात. तेल तापायच्या आधी सोडतोस.

धोंडूनं मान डोलावली. मग म्हणाला, व्हय, गर्दी आसली की घाई व्हते. आणि आत गेला. कढई चढवली. तेल तापेपर्यंत तिच्यापाशी हात बांधून उभा राहिला, मध्ये कोणी चहा मागितला त्याला थांब म्हणाला. भजी सोडली, काढली, बशीत घालून माझ्यापुढं ठेवली आणि समोर उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. कारकून उठून उभे राहिलेले. कोणी हू की चू करत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या नावानं तळलेली भजी, काय बोलायचं, छान झालीत एवढंच, हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

जन्मात पहिल्यांदा मी हॉटेलात बसून घास घेतला. कुरकुरीत होती, वन्सं, अगदी तुम्हाला हवी होती तशी वाजली. पण मीठ जास्त होतं. मी त्याला तसं सांगितलं.